तळ्यातला मातीचा खांब

चाळीसगावातली आमची सार्वजनिक बाग दुष्काळात रोजगार हमीच्या मजुरांनी खणली, बांधली. त्यांतलाच एक पुढे तिचा राखणदार झाला. मी रोज तिथे फिरायला जायचो, आमचा रामराम असायचा, पण हा माणूस मला कधी पटला नाही. बोलताना त्याची नजर बागेतल्या कोरड्या तळ्यात उभ्या असलेल्या मातीच्या खांबावर असायची. तिकडे कुणी वळलं की तो हळूच म्हणायचा, "तठे जावानं नही, भाऊ." खाली काहीतरी पुरलंय, असं मी धरूनच चाललो होतो.

एका संध्याकाळी माळ्याच्या पाइपची धार लागून खांबाचा माथा ढासळला. आत पिवळा मुरूम होता. वरची काळी माती मात्र हातांनी थापलेली. तळं किती खोल खणलं ते मोजणीला येणाऱ्या साहेबाला मोजता यावं, म्हणून असा खांब न खणता सोडतात. काम जास्त खोल दिसावं, मजुरी जास्त मिळावी म्हणून याची उंची कुणीतरी मागून वाढवली होती.

राखणदार उकिडवा बसून माती पुन्हा थापायला लागला.

"आता कशाला?" मी विचारलं.

"कोनी परत मोजाले उनं तं?" मग त्याने प्रथमच माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही कोनता हापिसमा शेतस, भाऊ?"

शाळेत शिकवतो, म्हणालो. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.