दिलीपचा समुद्र

"अक्का, पंखा बंद कर की. काईच ऐकू येईना."

मे महिन्यातली माजलगावची दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आणि माझा धाकटा भाऊ कानाला हेडफोन लावून पंखा बंद करायला सांगतोय.

"दिलीप, मरू का आता मी?"

"मर, पण गप मर. वर जहाज हाय."

मी पंखा बंद केला. गेमच्या मॅन्युअलमधलं इंग्रजी वाचून मी मराठीत सांगायचे, कडेला लिहूनही ठेवायचे, आणि तो बटणं दाबायचा. "तुझं कॉन्व्हेंट आज पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आलं बघ," म्हणाला होता.

खूप वर्षं झाली त्याला.

काल दिलीपचं तेरावं झालं.

साखर कारखान्यात फिटर होता. ड्युटीवरून आला, छातीत दुखतंय म्हणाला. बीडला नेताना गाडीतच गेला.

तुमच्यापैकी बहुतेकांना तो कारखान्यातला दिलीप म्हणून माहीत होता. थोड्या लोकांना तो पाणबुडीचा कॅप्टन म्हणून माहीत होता.

खरा समुद्र त्याने एकदाच पाहिला. बोटीत बसल्याबरोबर ओकला.

पण कॉम्प्युटरवरचा पाणबुडीचा गेम त्याने सोडला नाही. परदेशातल्या एका छोट्या कंपनीचा होता. त्यात धडाधड गोळीबार नाही. तासन्‌तास काळं पाणी, आणि वरून जाणाऱ्या जहाजाचा आवाज ओळखायचा. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस बसल्या बसल्या झोपलाय.

असला गेम किती लोक खेळणार? कंपनीने आधी नवा भाग काढायचा बेत सोडला. मग कंपनीच बंद झाली. खेळणाऱ्यांना एकमेकांशी जोडणारी त्यांची मशीन बंद पडली.

दिलीपने ते काम आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर घेतलं. केजचा भगवान, नागपूरचे एक बँकवाले, पोलंडचे एक आजोबा, असे उरलेले सगळे माजलगावच्या आमच्या मागच्या खोलीत येऊन समुद्रात उतरायचे. इन्व्हर्टर घेतला तो घरासाठी नाही, त्या कॉम्प्युटरसाठी. तो कधीच बंद व्हायचा नाही.

आणि गेममधल्या खलाशांना त्याने आपली भाषा दिली. आवाज सगळे त्याचेच.

"सायेब, डाव्या अंगाला कायतरी घरघरतंय."

"टँकर हाय का?"

"टँकर न्हाई. उसाच्या ट्रॅक्टरवानी वाटतंय."

रेकॉर्ड करताना माझ्या भावजयीच्या, सुनंदाच्या कुकरची शिट्टी झाली, तीही तशीच राहिली. अटलांटिकच्या तळाशी कुकर वाजायचा. पोलंडच्या आजोबांनी ती काढू नका म्हणून सांगितलं होतं.

घरात माणूस गेलं की आमच्याकडे तेराव्यापर्यंत टीव्ही, रेडिओ, काही लावत नाहीत. स्मशानातून सगळे परत आले, आणि सुनंदाने टीव्हीची वायर काढली. मग मागच्या खोलीत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

त्यात चूक काय होती? कुणीही हेच केलं असतं. मीसुद्धा.

काल जेवणं झाल्यावर भगवान माझ्याजवळ येऊन बसला. शेळ्यांचा व्यापार करतो, केजहून जीपने आला होता. हळू आवाजात म्हणाला, "अक्का, कॉम्प्युटर लावायचा का?"

आमच्या मामांनी ऐकलं. "मयताच्या घरी गेम इचारायलास का बे? लाज हाय का काई?"

भगवान म्हणाला, "मामा, त्या दिशी आमी खेळत होतो. एकदम सगळ्यांची गेममधली लाईन तुटली. दिलीपभाऊ कवाच बंद करायचे न्हाईत. मी फोन लावला तर दुसऱ्याच माणसानं उचलला. तवा कळलं आमाला."

त्याने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"त्यांचे सगळे आवाज त्यातच हायेत, मामा."

सुनंदाच उठली. बटण दाबलं. आत टकटक असा आवाज आला आणि थांबला. भगवानने परत लावलं. परत टकटक.

इतकी वर्षं अखंड फिरलेली डिस्क. थांबली, ती पुन्हा फिरलीच नाही.

"दुसरी कॉपी?" मी विचारलं.

"मी लई येळा म्हणलो. 'करू की' म्हणायचे."

सुनंदा खुर्चीला धरून उभी होती. "मीच बंद केला, ताई," एवढंच म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार?

भगवानकडे एका पेन ड्राइव्हवर गेमची फार जुनी प्रत आहे. दिलीपची मोजकीच वाक्यं आहेत त्यात. तीही नव्या विंडोजवर चालत नाही, त्याच्या जुन्या मशीनवरच चालते.

"ती मशीन गेली की?" मी विचारलं.

"मग संपलं, अक्का. नवा असला गेम कोन काढंल? काढला तरी त्यात दिलीपभाऊ कुठून यायचे?"

म्हणून ही पोस्ट. श्रद्धांजलीचे शब्द मोठ्या बहिणीला धाकट्यासाठी सुचत नाहीत. कामाचं तेवढं लिहिते.

बंद पडलेली डिस्क माझ्या दिराची मुलगी पुण्याला नेईल, डेटा काढून देणाऱ्यांकडे. निघालं तर जे निघेल ते सगळं भगवानला. नाही निघालं तर डिस्क मला परत. भंगारात द्यायची नाही.

हेडफोन भगवानचा. काल घे म्हटलं तर घेतला नाही. भगवान, पुढच्या बाजाराला येशील तेव्हा घेऊन जा.

मॅन्युअलची झेरॉक्स, माझ्या अक्षरातल्या मराठीसकट, नागपूरला पाठवते आहे.

कुणाकडे या गेमची कोणतीही प्रत असेल, कितीही जुनी, तर मला कळवा. पोलंडच्या आजोबांना इंग्रजीत मी लिहिते.

पेन ड्राइव्हवरच्या दिलीपच्या आवाजाची एक प्रत मी सुनंदासाठी काढून ठेवली आहे. ती तिचीच. पण ती स्वतः मागेल तेव्हाच. तोवर फोनवर, ग्रुपवर, प्रेमाने म्हणूनसुद्धा, कुणी तिला तो ऐकवू नका.

जा, दिलू.