मिल स्ट्रीटचा हिरवा ओढा

ओढे स्वच्छ ठेवायचा नियम वॉशिंग्टनच्या सरकारचा, पण गमबूट घालून ओढ्यात उतरायचं ते वांडानं. पेनसिल्व्हेनियातल्या या गावात पावसाच्या पाण्याचं खातं म्हणजे ती एकटी. उरल्या वेळात कुत्र्यांचे परवानेही तीच द्यायची. पावसाळी गटारातून ओढ्यात फक्त पाऊस गेला पाहिजे, एवढाच तिचा धर्म. चर्चसाठी पैसे जमवायला लोकांच्या मोटारी धुवायचा कार्यक्रम व्हायचा, तोही साबणाचं पाणी गटारात जातं म्हणून तिनं बंद पाडला होता, आणि फादर महिनाभर तिच्याकडे ढुंकून बघत नव्हते.

त्या ऑगस्टात आभाळ कोरडं ठणठणीत, तरी मिल स्ट्रीटच्या गटाराच्या तोंडातून फेस वाहत होता. कुणाचं तरी धुणं थेट ओढ्यात येत होतं. वांडा पहिल्याच घरात, डोलोरिस आंटीच्या तळघरात शिरली आणि वॉशिंग मशीनमागच्या पाइपात तिनं हिरवा रंग ओतला; तो ओढ्यात उतरला, की चोर सापडला.

"ही लाइन कुणी जोडली, आंटी?"

"कुणी म्हणजे? तुझ्या बापानं! एका बिअरवर. मैल्याची लाइन सारखी तुंबायची. कॅसिमिर म्हणाला, साबणाचं पाणी काय, स्वच्छच की, सोडू पावसाच्या गटारात. देवमाणूस!"

कॅसिमिर जुना प्लंबर. गल्ली अजून त्याला मानायची, आणि बायको गेल्यापासून म्हातारा तेवढ्या मानावरच जगत होता. आता त्याला हे सांगायचं कुणी?

ती बाहेर आली तर ओढा हिरवागार, आणि पुलावर कॅसिमिर मित्रांबरोबर खो खो हसतोय.

"वांडे, कुठल्या गाढवाचा पाइप गं हा? नाव सांग, आज त्याची बिनपाण्यानं करतो!"

"शोधतेय, बाबा," ती खाली बघत पुटपुटली.

म्हाताऱ्यानं तिचा पडलेला चेहरा पाहिला.

"रंग कुणाच्या घरात ओतलास?"

"डोलोरिस आंटीच्या."

त्याचं हसू मावळलं. मित्रांचं चालूच होतं. त्यानं टोपी काढून टकलावरून हात फिरवला.

"हसा लेको, गाढव इथंच उभंय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि पोरी, पुढं रंग वाया घालवू नकोस. या बाजूची सगळी घरं मीच जोडलीत."

वांडाला बापाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि इतकं रडूही कधी आलं नव्हतं.

"चल, पाना घे. डोलोरिसचं नंतर," तो घराकडे वळला. "आधी तुझ्या आईच्या मशीनचा पाइप गटारातून काढू."