पहाटेचा कोयता

बायकांचे कोयते काढून घेतले, ही चूक माझीच. दुष्काळात शिरूर कासारहून ऊसतोडीला गेलेल्या टोळीचा मी मुकादम होतो. गडी पिऊन भांडायचे, म्हणून संध्याकाळी सगळ्यांचेच कोयते मी माझ्या पाचटाच्या कोपीत ठेवून घ्यायचो. थंडीत बायका पहाटेच्या धुक्यात परसाकडं जायच्या. सहकारी कारखान्याकडे दिवे मागून मी वैतागलो होतो.

त्यांच्यातली एकजणी म्हणाली, "मुकादम, पहाटं हातात काय घेऊ?"

"कुत्र्याला दगड पुरतो की."

"कुत्र्याला पुरतो. माणसाला न्हाई."

मी हसलो. त्याच आठवड्यात कोणीतरी मागं लागलं म्हणून ती तांब्या टाकून पळत आली. सकाळी सगळ्या टोळीसमोर मी तिचा कोयता, रात्रीही जवळ ठेवायला, तिच्या हातात दिला.

"बाई, भांडले गडी आणि कोयता तुझा काढून घेतला. चुकलं माझं."