आजाराचं बारसं

ही वही कुणी उघडलीच, तर माझ्या वेड्यावाकड्या अक्षराला आणि चुकांना माफ करावं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

अमेरिकेत कॅरी गावाला मुलाकडे आल्यापासून नातवाचं रक्त तपासायला दर महिन्याला मी सुनेबरोबर दवाखान्यात जाते. तिथे एक मराठी बाप सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेला असायचा. लाजेपायी मी त्याचं नाव कधी विचारलं नाही. सुई टोचताना तोच डोळे मिटायचा आणि मुलगी त्याच्या पाठीवर थोपटायची. दोन वर्षं तपासण्या चालल्या होत्या, पण पोरीला झालंय काय ते कुणालाच कळत नव्हतं.

एकदा सून गाडी लावायला गेली आणि नातू ज्यूससाठी रडायला लागला. त्या बापाने मशिनमध्ये स्वतःचे दोन डॉलर घातले. पुढे मी ते परत द्यायला गेले की म्हणायचा, "राहू द्या हो, मावशी."

परवा तो डबा घेऊन आला आणि नर्ससकट सगळ्यांना घुगऱ्या वाटत सुटला.

"मावशी, आजाराला नाव मिळालं! औषध रोज घ्यावं लागेल, पण औषध आहे. म्हटलं, बारसं करून टाकू."

"बाबा, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग," मुलगी म्हणाली, पण घुगऱ्या तिनेच जास्त खाल्ल्या.

बारशाला रिकाम्या हाताने कसं राहायचं? मी तिच्या मुठीत दोन डॉलर ठेवले.

"अहो मावशी, हे तर ज्यूसचे!"

"आहेर आहे. आहेराला नाही म्हणायचं नसतं," मी म्हटलं.

तो खो खो हसला. माझे दोन डॉलर फिटले.