नव्या पडद्यावरचं आभाळ

जुना कॉम्प्युटर फारच रेंगाळायला लागला, म्हणून मुलीने त्यावरची सिस्टीम काढून दुसरी बसवून दिली. तेव्हापासून माझी नुसती चिडचिड चालली होती. हात सवयीने डाव्या कोपऱ्यात जायचा आणि तिथे काहीच नसायचं. घर बदलल्यावर दिव्याचं बटण जुन्याच भिंतीवर चाचपत राहावं, तसं; हे मी घरात रोज ऐकवतही होतो.

आज सकाळी सुनंदा, माझी बायको, भाजी आणायला निघाली. "गॅसवर दूध ठेवलंय, लक्ष द्या हं," असं बजावून गेली. मी हो म्हटलं आणि सहज एका अनोळखी चित्रावर क्लिक केलं. पडद्यावर आभाळ उघडलं. आमच्या गावाचं नाव टाकलं, तर आमच्याच गच्चीवरचं आभाळ! त्यात दिवसाचा उजेड घालवायचीही सोय होती. तो घालवला, आणि भर सकाळी मृग नक्षत्र समोर हजर.

सामान लावून झालं तरी नवं घर परकंच वाटतं. मग एखादी खिडकी आवडते, नकळत तिच्यापाशी खुर्ची ओढली जाते, आणि घर आपलं होऊन जातं. मला माझी खिडकी सापडली होती.

करपल्याचा वास आला तेव्हा सुनंदा परतली होती. ओटाभर दूध. मी बोलणी खायच्या तयारीने उभा राहिलो. तिने गॅस बंद केला, पडद्यावरच्या चांदण्यांकडे पाहिलं आणि हसली.

"असू दे. नव्या घरात शिरताना दूध उतू घालवायचंच असतं. आलात म्हणायचं एकदाचे राहायला!"