बी-५२ चं तळघर

रॉइस गिलरीला बंद जागेचं भय आहे, आणि नोकरी बी-५२ बॉम्बरच्या तळघरात. हसू नका. आम्हा दोघा नॅव्हिगेटरांच्या खुर्च्या शेजारीशेजारी. वर वैमानिकांना खिडक्या, आम्हाला नुसते रडारचे पडदे आणि काटे. विमान सोडायची वेळ आली तर वरच्यांना खुर्ची आकाशात उडवते, आम्हाला खाली जमिनीकडे.

बाहेरून मात्र काय रुबाब! आठ इंजिनं, पोटात तीस टन बॉम्ब, हवेतच इंधन भरून घेत समुद्र ओलांडतं. रॉइसच्या वडिलांचा, म्हणजे अल्सिड पापांचा, सगळा जन्म याच विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. ‘माझा मुलगा आत बसतो,’ हे त्यांनी न्हाव्यापासून पाद्रीपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालंय. म्हणून रॉइस इतकी वर्षं गप्प. डॉक्टरला सांगितलं की उड्डाण बंद, आणि म्हातारा खचणार.

त्या शनिवारी श्रीव्हपोर्टच्या स्टेडियममध्ये फुटबॉलचा सामना होता. राष्ट्रगीताचा शेवटचा सूर लागायला आणि आम्ही सलामीला प्रेक्षकांच्या डोक्यावरून जायला एकच गाठ पडावी लागते. गणित बॉम्ब टाकायचंच, फक्त युद्धात लक्ष्य गात बसत नाही.

“गाणारी बाई सूर ताणतेय! हळू या!” खालून रेडिओवर आमचा माणूस ओरडला.

वेग उतरला, विमान हिंदकळू लागलं. रॉइसचा हात खुर्चीच्या पट्ट्याच्या बकलावर गेला. मी त्याचं मनगट धरलं.

“सोड. जीव गुदमरतोय माझा.”

“वेळ सांग, रॉइस. वरचे खोळंबलेत.”

त्याने सांगितली. सूर बरोबर गाठला. वर वैमानिकांनी आरोळी ठोकली, आणि रॉइस घाम पुसत म्हणाला, “बस झालं. पापा खाली सामन्याला आलेत, मध्यंतरात त्यांना सांगून टाकतो. सोमवारी डॉक्टर.”

मला इतकं हलकं वाटलं, जणू मीच सुटलोय.

उतरल्यावर आम्हाला मध्यंतरात रिवाजाप्रमाणे टाळ्या घ्यायला मैदानात नेलं. अल्सिड धावत आले, अंगाला गंबोच्या रश्श्याचा वास. “वरून कसे दिसलो रे आम्ही? मी किती हात हलवले!”

“पापा, मला तुमच्याशी बोलायचंय.”

“नंतर बोल! कर्नलच्या हातापाया पडून जमवलंय मी. ते बघ.”

कॅडेटांच्या रांगेत रॉइसची बहीण नोएली उभी होती, कॉलेजात शिकतेय. आज त्यांची हवाई दलाची शपथ, आणि ती द्यायला अधिकारी लागतो; तो आज रॉइस. कुणीतरी रॉइसच्या हातात माईक दिला.

“तुझ्याच शेजारची खुर्ची मागणारेय मी,” ती हळूच म्हणाली. “या म्हाताऱ्याला हाकल.” म्हातारा म्हणजे मी.

मला हसता आलं नाही. रॉइस एकेक ओळ सांगू लागला, कॅडेट मागोमाग म्हणू लागले. हे कर्तव्य मी स्वखुशीने पत्करतो, या ओळीपाशी तो थांबला. सगळं स्टेडियम उभं, चिडीचूप. अल्सिडचे डोळे वाहत होते. सांग, रॉइस, आत्ता तरी सांग, असं मी मनात ओरडत होतो.

त्याने ओळ म्हटली. नोएलीने ती त्याच्याहून खणखणीत म्हटली.

सोमवारी डॉक्टरच्या दारावरून आम्ही दोघं सरळ विमानाकडे गेलो.