पोत्यातला पंजा

त्या रविवारी सकाळी धाकटे दीर खताच्या पोत्यातून मटण घेऊन आले. "रानडुक्कर हाय वैनी. झणझणीत रस्सा करा," म्हणाले आणि अंघोळीला गेले. दोन दिवस ते मित्रांबरोबर पाटणकडच्या डोंगरात होते. माझे पती फौजेत, तेव्हा सीमेवर. पलूसजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरात मी, सासरे आणि दीर, एवढीच माणसं.

माहेरी मी रानडुकराचं मटण शिजवलेलं होतं. हे तसं नव्हतं. काळपट लाल मांस, वर चरबीचा जाड थर. विळीचं पातं सारखं चिकट होत होतं, गरम पाण्यानं पुसून पुन्हा कापावं लागत होतं. हळद-मीठ लावून निम्मं पातेल्यात शिजत घातलं. उकळी फुटली तसा स्वयंपाकघरात असा उग्र वास पसरला की मी खिडकी उघडली. उरलेलं काढायला पोत्यात हात घातला आणि हाताला बोटं लागली.

बाहेर ओढलं. मनगट, तळवा, पाच बोटं. कातडं सोललेला माणसाचा हात. पाय लागून मांसाची परात उलटली, मी किंचाळत मागच्या दारापर्यंत गेले.

सासरे धावत आले. निवृत्त सुभेदार, ईशान्येकडच्या डोंगरात नोकरी काढलेला माणूस. त्यांनी खाली बसून तो हात उलटासुलटा करून पाहिला.

"माणसाचा न्हाई पोरी, भिऊ नगंस. अस्वलाचा पंजा हाय. नखं कातड्यासंगं गेल्यात."

मला हायसं वाटलं, पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी गॅस बंद केला आणि दिरांना हाक मारली.

दीर ओल्या केसांनी दारात आले. पंजा पाहिला आणि तिथंच थांबले.

"डुकरासाठी तारंचा फास लावला हुता, आबा. त्यात हे घावलं."

"जित्तं हुतं?"

दीर केस पुसायला लागले.

"जित्तं हुतं का, इचारतोय मी."

"व्हय."

"मग कसं मारलं?"

"काठ्यांनी."

सासरे भिंतीला टेकून बसले. "तिकडं डोंगरातल्या लोकांनी वाढलं तवा मी खाल्लंय अस्वल. न्हाई म्हणत न्हाई. पण तारंत अडकलेल्या जितराबाला काठ्यांनी?"

"आबा, आता झालं ते झालं. उसात खड्डा काढतो, पुरून टाकू. कुणाला कळायचं न्हाई." मग माझ्याकडे वळले. "वैनी, तुमी तरी सांगा की. अस्वल म्हंजे सरळ जेल हाय."

मी उलटलेली परात सरळ केली. खरं सांगायचं तर मला खड्डाच बरा वाटत होता. घरावर गाडी येणार, गाव बघणार, तिकडं यांच्या कानावर जाणार.

सासऱ्यांनी खिशातून मोबाईल काढला. त्यांचं बोट स्क्रीनवर थरथरत होतं, नंबर लागेना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी तो माझ्यापुढं धरला. "फॉरेस्टवाल्यांचा नंबर काढून लाव."

दीर माझ्याकडेच बघत होते. "वैनी, न्हाई."

मी नंबर लावला. सासरे बोलले, स्वतःचं नाव, गाव, मुलाचं नाव, सगळं सरळ. दीर पळाले नाहीत. कट्ट्यावर बसून केस पुसत राहिले.

दुपारी माणसं आली. पोतं, पंजा, पातेल्यातलं शिजलेलं मांस, माझी विळीसुद्धा पंचनाम्यात गेली. जाताना दिरांना घेऊन गेली, त्यांच्या मित्रांनाही त्याच संध्याकाळी उचललं. दिरांना जामीन मिळायला बरेच दिवस लागले.

केस अजून चालू आहे. दीर आता विट्याच्या एका माणसाच्या सोनं गाळायच्या दुकानात, दूर मद्रासकडे काम करतात आणि तारखेला येतात. वडिलांशी बोलतात, त्यांच्या पाया पडतात. माझ्याशी बोलत नाहीत. नंबर लावायला सांगितलं कुणी, हे त्यांना ठाऊक आहे; पण लावताना त्यांनी माझं बोट पाहिलंय. माझं बोट थरथरलं नव्हतं.